ओंडका, घण आणि वैशाखाचं ऊन

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की जळगाव-धुळ्याकडच्या गावांत सरपणाचं काम निघतं. उपटलेल्या पऱ्हाटीच्या गंज्या घरामागे लागतात, बांधावरच्या बाभळी छाटल्या जातात, पावसाळ्यातल्या वादळात पडलेला एखादा निंब करवतून त्याचे ओंडके अंगणात येऊन पडतात. गॅसची शेगडी आली तरी हे काम थांबलेलं नाही. आंघोळीचा बंब कित्येक घरांत अजून लाकडावरच तापतो, खापरावरच्या मांड्यांना चुलीचाच जाळ लागतो, आणि हिवाळ्यात भरीत करायचं तर वांगी काड्यांच्या जाळावरच भाजायची, हा इथला शिरस्ता आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वांग्याची निम्मी चव जाळात असते, हे यावल तालुक्यात बामणोदच्या बाजूला कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. आता या जुन्या कामात एक नवा प्रश्न शिरला आहे. लाकूड फोडणाऱ्या यंत्रांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, विकणारे त्यांचा जोर टनांत सांगतात, आणि दोन-चार ओंडके अंगणात पडलेल्या माणसाला वाटतं, आपणही एक घ्यावं. घरच्या सरपणासाठी असं यंत्र घ्यावं का, आणि नाही तर काय घ्यावं? माझं म्हणणं असं आहे, की टन बघून अवजार निवडणं हा उलटा क्रम झाला. लाकूड कोणतं, ते किती, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ते किती बारीक व्हायला हवं, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी शोधली तर अवजार आपोआप ठरतं. खानदेशातल्या बहुतेक घरांसाठी ते उत्तर करवत, घण, दोन पाचरी आणि जाड पात्याची एक कुऱ्हाड असंच निघतं. यंत्राला जागा आहे, पण ती घराच्या ओसरीत नाही.

लाकूड तोडणं आणि लाकूड फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि निवडीतला घोळ इथूनच सुरू होतो. झाडाचं खोड म्हणजे उभ्या तंतूंची घट्ट आवळलेली पेंढी. हे तंतू आडवे कापायला फार बळ लागतं. पण तंतूला तंतू धरून ठेवणारा जोड त्या मानानं कच्चा असतो. तोडायची कुऱ्हाड तंतू कापते, म्हणून तिचं पातं पातळ आणि धार तिखट लागते. फोडायच्या अवजाराला मात्र कापायचं नसतं, दोन बाजू एकमेकींपासून लोटायच्या असतात. जाड पाचर लाकडात थोडी शिरली की तिच्या उतरत्या बाजू लाकडाला दोहीकडे रेटतात आणि चीर पाचरीच्या टोकाच्या पुढे धावते. एकदा चीर धावली की धारेचं काम संपलं. पुढचं सगळं काम पात्याच्या जाडीचं. आपल्याकडच्या घरोघरच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ असतं, कारण तिला फांद्या छाटण्यापासून खुंट्या टोकदार करण्यापर्यंत सगळंच करावं लागतं. ती ओंडक्यावर मारली की खोल शिरते आणि तिथेच अडकून बसते. निम्मी शक्ती ती उपसण्यात जाते. माणसाला वाटतं आपल्या दंडातलं बळ कमी पडलं, म्हणून तो यंत्राकडे वळतो. खरं तर बळ पुरेसं असतं, पात्याचा कोन चुकलेला असतो.

मग लाकूड फोडायचं तरी कशाला? चुलीत मावावं म्हणून, हे उत्तर पटकन येतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. झाड जिवंत असताना हे पाणी उभ्या नळ्यांतून वर चढत असतं, म्हणून ओंडक्याच्या दोन्ही तोंडांकडून ओल लवकर निघते. आडव्या दिशेनं ती फार सावकाश सरकते, आणि साल शाबूत असली तर बाजूनं जवळजवळ अडतेच. लाकूड फोडलं की सालीचं कवच मोडतं, हवा लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि ओलीला बाहेर पडायचं अंतर घटतं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. अंतर निम्मं झालं तर वाळायचा वेळ निम्म्यावर येत नाही, साधारण चौथाईवर येतो, कारण ओल झिरपत बाहेर येण्याचा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वीतभर जाडीचा, सालीसकट पडलेला ओंडका अख्खा उन्हाळा खाऊनही आतून ओला राहू शकतो, आणि तोच मनगटाएवढ्या चिरफळ्यांत फोडला तर काही आठवड्यांत खडखडीत वाळतो. फोडणं ही वाळवण्याची पहिली पायरी आहे, आणि अवजार निवडताना हेच डोळ्यांपुढे हवं.

यावर एक आक्षेप आकड्यांचा येतो, आणि तो वजनदार आहे. किलोभर पूर्ण कोरड्या लाकडातून सुमारे ४,४०० किलोकॅलरी उष्णता मिळते. निम्मं पाणी असलेल्या किलोभर लाकडात कोरडं लाकूड अर्धा किलो, म्हणजे उष्णता २,२००. उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करायला जेमतेम ३०० किलोकॅलरी लागतात. तोटा सातव्या हिश्शाचा. एवढ्यासाठी फोडा, रचा, वाळवा हा खटाटोप कोण करणार? हिशेब बरोबर आहे, पण चूल त्या हिशेबानं जळत नाही. लाकूड तापलं की त्यातून आधी जळणारे वायू निघतात, आणि आपल्याला दिसणारी ज्योत त्या वायूंची असते. ते पुरते पेटायला जाळ चांगला तापलेला लागतो. लाकडातलं पाणी उकळत असतं तोवर तो भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, निघालेली वाफ जाळ थंड करते, वायू अर्धवट पेटतात आणि उरलेले धूर होऊन निघून जातात. तो धूर म्हणजे आपण तोडून, वाहून आणलेलं, पण न जळालेलं सरपणच असतं; भांड्याची काजळी आणि डोळ्यांतलं पाणी ही त्याचीच खूण. शिवाय लाकूड विकत घेणाऱ्याचा तोटा वेगळाच. वखारीत लाकूड वजनावर मिळतं. निम्मं पाणी असलेलं क्विंटलभर लाकूड घेतलं तर ५० किलो पाण्याचे पैसे मोजले. ओल १५ टक्क्यांवर आलेल्या लाकडातून किलोमागे सुमारे ३,६५० किलोकॅलरी हाती येतात, ओल्या लाकडातून १,९००. भाव तोच आणि उष्णता जवळपास दुप्पट, हा फरक लहान नाही.

इथे खानदेशाला निसर्गानं एक मोठी सवलत दिली आहे, ती म्हणजे उन्हाळा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. लाकूड भोवतालच्या हवेशी ओलीचा मेळ जमवत राहतं. हवेतली आर्द्रता २०-२५ टक्के असेल तर बारीक फोडलेल्या लाकडातली ओल ५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबू शकते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तेच लाकूड, अंगावर पावसाचा थेंब न पडताही, १५-१६ टक्क्यांपर्यंत ओल परत ओढून घेतं. तरीही ते जाळायला चांगलंच असतं. थंड आणि दमट देशांत फोडलेलं लाकूड एक-दोन वर्षं रचून ठेवायला सांगतात. आपल्याकडे तेच काम होळी ते मृग एवढ्या काळात उरकतं. अट एकच, की होळीपर्यंत लाकूड फुटलेलं असावं. मेच्या शेवटी, पाऊस तोंडावर आल्यावर फोडलेल्या ओल्या लाकडाला ऊन मिळत नाही आणि अख्खा पावसाळा ते धुरकटत जळतं. खानदेशात सरपण फोडायचा मुहूर्त हा अवजाराइतकाच मोलाचा आहे, आणि या मुहूर्ताचा कोणत्याही यंत्राशी संबंध नाही.

कपाशीनं हे वेळापत्रक आणखी पक्कं केलं आहे. जळगाव जिल्ह्यात खरिपाला कपाशी ५ लाख हेक्टरांच्या आसपास असते, आणि हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. हे सरपण दाराशी आयतं येतं, ते फोडावं लागत नाही, चटकन पेटतं. पण ते पावसाळ्यापर्यंत साठवून ठेवणं घातक आहे. झाडाला राहिलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळीच्या अळ्या सुप्त पडून राहतात आणि नव्या हंगामात त्यांचेच पतंग कपाशीवर उतरतात. म्हणून पऱ्हाटीच्या गंज्या शेताजवळ ठेवू नका आणि पावसाआधी संपवा, असं कृषी विभाग सांगत असतो. याचा सरपणाच्या दृष्टीनं अर्थ सरळ आहे. शेवटच्या वेचणीपासून मृगापर्यंत पऱ्हाटी आणि तुराट्या जाळायच्या. त्या काळात फोडलेल्या लाकडाला हात न लावता ते उन्हात वाळू द्यायचं. पावसाळा आणि पुढचा हिवाळा त्या वाळलेल्या लाकडावर काढायचा. ज्या घरात हा क्रम पाळला जातो, तिथे वर्षभर कोरडं सरपण मिळतं आणि शेतातली कीडही आटोक्यात राहायला मदत होते. त्याचा आणखी एक फायदा असा, की वर्षाच्या सरपणातला बराच भाग फोडायच्या यादीतूनच निघून जातो.

आता लाकूड कोणतं, ते पाहू. अवजाराचा खरा कस तिथे लागतो. सुबाभूळ सरळ तंतूची, एका घावात उभी फाकते. आंबाही फारसा त्रास देत नाही, मात्र त्याचा निखारा टिकत नाही. बाभूळ जड, तिचा निखारा उत्तम, पण तंतू बरेचदा पिळलेले. ती ओली असताना फोडली तर ऐकते, वाळून कडक झाली की कुऱ्हाड उडवून लावते. निंबाचे तंतू थराथरानं वेगवेगळ्या बाजूंना कललेले असतात. वरून चीर पडलेली दिसते आणि आत धागे एकमेकांना धरून बसलेले असतात. चिंच त्याहून चिवट. पडीक जमिनीत आणि नाल्यांच्या काठी माजलेली वेडी बाभूळ काटेरी खरी, पण सरपण म्हणून अव्वल आहे, आणि तिची खोडं बहुधा बारीक असल्यामुळे तिला घणापेक्षा करवतच जास्त लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि धुळ्याकडच्या माळांवर वाढणारा अंजन हा भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. त्याच्या गाभ्याचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. पण अंजन, खैर, साग, आंबा, चिंच ही महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतली झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतात उभी असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि सरपणासाठी ती तोडूही नयेत. छाटणी करून पुन्हा फुटणारी बाभूळ, सुबाभूळ आणि वेडी बाभूळ घराला पुरून उरते. म्हणजे आपल्याला फोडायचं लाकूड प्रामुख्यानं मध्यम जाडीचं आणि कडक आहे, आणि ते ओलं असतानाच फोडलं तर निम्मी लढाई जिंकली जाते. गाठाळ निंब आणि चिंचेचा बुंधा मात्र कुणालाही घाम फोडतात. यंत्राची बाजू भक्कम होते ती इथेच, हे मान्य करायला हवं.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. मोटार पंप फिरवते, पंप तेलावर दाब आणतो, तेल दट्ट्याला पुढे ढकलतं आणि दट्ट्या ओंडक्याला स्थिर पाचरीवर रेटतो. घरगुती विजेवरच्या यंत्रांची मोटार साधारण दीड-दोन किलोवॅटची आणि जोर ५ ते ७ टनांचा असतो. इंजिनावर चालणारी मोठी यंत्रं २० टनांच्या पुढे जातात. घणाचा घाव क्षणभराचा असतो, दट्ट्याचा जोर टिकून राहतो. म्हणून गाठ आली तरी तंतू फाटत जातात. विजेचा खर्चही नगण्य आहे, अर्धा तास चालवलं तर एक युनिटच्या आसपास. अडचण दुसरीकडे आहे. ही यंत्रं मुळात युरोप-अमेरिकेतल्या लोखंडी बंद शेगड्यांसाठी घडली. तिथे हातभर लांबीचा ओंडका चार-सहा तुकड्यांत फोडला, तुकडा १०-१५ सेंटिमीटर जाडीचा झाला की काम संपतं. तो तसाच शेगडीत जातो आणि बराच वेळ जळत राहतो. आपल्या चुलीचं तोंड वीतभर, तिला ३ ते ५ सेंटिमीटर जाडीची चिरफळी लागते. बंबालाही त्याहून फार जाड चालत नाही. यंत्र जिथे थांबतं तिथून आपलं निम्मं काम सुरू होतं. त्या दट्ट्यापुढे बारीक चिरफळी धरायची तर बोटं पाचरीजवळ न्यावी लागतात, आणि ते करणं म्हणजे बोटांवर पाणी सोडणं. मोठी मोटार घ्यावी म्हटलं तर तिला तीन फेज लागतं, आणि शेतीपंपाच्या वाहिनीवर ते ठराविक तासच मिळतं. गावठाणातल्या घरच्या जोडणीवर एक फेजचंच यंत्र चालणार.

दुसरी बाब लाकूड किती, ही. हिशेबापुरतं धरू, की बंब आणि अधूनमधूनची चूल मिळून एका घरात रोज ४ किलो सरपण जळतं. वर्षाचं दीड टनाच्या आसपास झालं. त्यातले चार-पाच महिने पऱ्हाटी-तुराट्यांवर निघतात. उरलेल्या टनभरात बराचसा भाग फांद्यांचा, म्हणजे फक्त तोडायचा. खरोखर फोडावं लागेल असं जाड लाकूड तीन-चारशे किलोंच्या वर क्वचितच जाईल. हाताशी योग्य हत्यार असेल तर सराईत माणूस ते दोन-तीन दिवसांत उरकतो. वर्षातले तीन दिवस चालणारं यंत्र उरलेले दिवस ओसरीत धूळ खातं. त्याची रबरी सीलं उष्णतेनं कडक होतात, उंदीर वायरी कुरतडतात, आणि पुढच्या वर्षी ओंडके आले की आधी दुरुस्तीला माणूस शोधावा लागतो. घण-पाचरीचं तसं नाही. आजोबांनी घेतलेली पाचर नातवालाही चालते. यंत्र घ्यायचं मनात असेल तर त्याची किंमत वर्षाकाठी फोडाव्या लागणाऱ्या जाड लाकडाच्या क्विंटलांनी भागून पाहावी, आणि तो आकडा फोडणाऱ्या मजुराच्या रोजाशेजारी ठेवावा. मोह उतरायला तेवढं पुरतं.

हाताची अवजारं नीट निवडायला मात्र थोडं ज्ञान लागतं, आणि ते मिळण्याची जागा लोहाराचं दुकान आहे. पहिलं अवजार करवत. ओंडका आधी वीत-दीड वीत लांबीवर आखूड करावा, कारण जितका तो लांब तितकी चीर पुढे न्यायला जोर जास्त. दोन हात लांब ओंडका फुटत नाही म्हणून लोक कुऱ्हाड बदलतात. तो मधोमध करवतला असता तर आहे त्याच कुऱ्हाडीनं फुटला असता. दुसरा घण, धडधाकट माणसाला ३ ते ४ किलोंचा. जड घण म्हणजे जास्त काम, हा समज चुकीचा आहे. घावाची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जो घण वेगानं खाली आणता येत नाही तो फक्त कंबर मोडतो. तिसऱ्या पाचरी, आणि त्या दोन हव्यात, कारण एक अडकली तर दुसरीनं तिची सुटका करायची. चौथी जाड पाठीची कुऱ्हाड, अडीच-तीन किलोंची. पाचर किंवा कुऱ्हाड लोहाराकडून घडवून घ्यायची असेल तर ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद पात्याला उत्तम, आणि पाणी फक्त धारेला द्यायला सांगावं, माथ्याला नाही. पाचर घेताना एक साधी परीक्षा करावी. जुनी कानस धारेवर घासली तर ती जेमतेम चावली पाहिजे. तीच माथ्यावर सहज चावली पाहिजे. माथाही धारेइतकाच कडक निघाला तर ती पाचर परत करावी, कारण कडक माथ्यावर घण बसला की पोलादाची कपची उडते आणि ती डोळ्यांत शिरू शकते. मऊ माथा घाव खाऊन हळूहळू फुलतो, त्याच्या कडा बाहेर वळतात. त्या वळलेल्या कडा दर हंगामाला घासून काढाव्यात. दांडा धावड्यासारख्या चिवट लाकडाचा असावा, आणि त्याचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. खानदेशी उन्हाळ्यात दांडा आक्रसतो आणि पातं खेळायला लागतं. ते पाण्यात बुडवून घट्ट करण्याची पद्धत तात्पुरती आहे, वाळल्यावर ते आधीपेक्षा जास्त सैल होतं; दांड्याच्या डोक्यात नवी पाचर ठोकणं हाच खरा उपाय.

फोडायची रीतही अवजाराइतकीच बोलते. ओंडका थेट जमिनीवर ठेवू नये. गुडघ्याएवढ्या उंचीच्या रुंद ठोकळ्यावर उभा करावा, म्हणजे घाव हुकला तर धार पायावर न येता ठोकळ्यात रुतते. ओंडक्याच्या तोंडावर वाळताना पडलेला तडा असतोच; पाचर त्या तड्याच्या रेषेत आणि गाठीपासून दूर लावावी. निंब किंवा चिंच मधोमध फोडायचा हट्ट धरू नये, कडेकडेनं ढलपे काढत आत यावं. एकमेकांना धरून बसलेले तंतू सबंध व्यासभर तोडण्यापेक्षा काठावरची अरुंद चीर फार कमी जोरात निघते. इतकं करूनही न फुटणारा गाठाळ बुंधा बाजूला ठेवावा. तो बारीक करण्यात जेवढं बळ जाईल तेवढ्यात सोपं लाकूड कितीतरी जास्त फुटतं, आणि तो ठोकळा म्हणून वर्षानुवर्षं कामाला येतो.

इथे सगळ्यांत गंभीर आक्षेप येतो. घण उचलायला घरात धडधाकट माणूस हवा. गावांतली तरुण मुलं सुरत, नाशिक, पुण्याला गेली. घरी म्हातारी माणसं आणि बायका उरल्या. मजूर वेळेवर मिळत नाही. त्यांना घण-पाचरीचा उपदेश करणं हा निर्दयपणा नाही का? आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर दोन थरांत द्यायला हवं. पहिलं असं, की बारीक फोडण्यासाठी घण लागतच नाही. ठोकळ्यावर उभी केलेली चिरफळी, तिच्या तोंडावर जाड कोयत्याची धार टेकवायची आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी मोगरीनं ठोकायचं. धार आधीच लाकडात बसलेली असल्यानं घाव हुकायची भीती फार कमी, मोगरी किलोभराची असली तरी पुरते, आणि हे काम बसून होतं. रोजच्या सरपणातला जो भाग घरातली बाई करते तो बहुधा हाच असतो, आणि त्यासाठी तिला कुऱ्हाड उगारावी लागू नये. दुसरं असं, की जाड ओंडके फोडण्याचं काम एका घरानं एकट्यानं करायचं कामच नाही. ते गावानं मिळून, यंत्रानं करावं. आणि यंत्राची योग्य जागा इथे आहे.

ट्रॅक्टरच्या तेलदाबावर चालणारं उभं फोडणी यंत्र गावच्या अवजार बँकेनं किंवा शेतकरी गटानं घेतलं, तर ते पौष-माघात घरोघर फिरू शकतं. ट्रॅक्टर आहेच, चालक आहेच, आणि महिनाभरात ते शंभर घरांचे ओंडके फोडून मोकळं होतं. तीच गोष्ट वखारीची, महामार्गावरच्या ढाब्यांची आणि स्मशानभूमीची. एका अंत्यसंस्काराला पारंपरिक पद्धतीनं तीन-चारशे किलो लाकूड लागतं; म्हणजे वर वर्षभरासाठी एका घराला जेवढं जाड लाकूड फोडावं लागतं म्हटलं, तेवढं तिथे एका दिवसात लागतं. ते रोज हातानं फोडत राहणाऱ्या माणसासाठी यंत्र ही सोय नाही, गरज आहे. असं यंत्र घेताना टनांच्या आधी चार गोष्टी पाहाव्यात. ते दोन्ही हात गुंतवून ठेवणाऱ्या दोन दांड्यांवर चालतं का, म्हणजे दट्ट्या हलत असताना एकही हात पाचरीजवळ जाऊच शकत नाही; हात सोडताच दट्ट्या थांबतो किंवा मागे जातो का; सीलं आणि नळ्या तालुक्याच्या गावी मिळतात का; आणि आपल्याकडचे लांब ओंडके त्याच्या मापात बसतात का. यातल्या पहिल्या दोन गोष्टी नसतील तर यंत्र कितीही टनांचं असो, घेऊ नये. आणि एक प्रकार कोणत्याही किमतीला घेऊ नये, तो म्हणजे मोटारीवर गरगर फिरणाऱ्या शंकूच्या आकाराच्या स्क्रूचा. तो स्वस्त असतो आणि चित्रफितीत झटपट दिसतो. पण त्यावर ओंडका हातानं धरून रेटावा लागतो, आणि साडीचा पदर, उपरणं किंवा हातमोज्याचा धागा त्यात एकदा गुंतला की मोटार बंद करायलाही उसंत मिळत नाही.

शेवटचा आक्षेप मुळावरच घाव घालतो: या काळात लाकूड जाळायचंच कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुलींच्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. या आकड्यापुढे कुणीही चुलीचं गुणगान गाऊ नये. जिथे गॅस परवडतो तिथे रोजचा स्वयंपाक गॅसवरच व्हावा, हे निर्विवाद आहे. पण सिलिंडर भरून आणायला पैसे नसलेलं घर, बंब, मांडे आणि भरीत एका रात्रीत बदलणार नाहीत, आणि बांधावर छाटलेली बाभूळ व शेतातली पऱ्हाटी कुठेतरी जाणारच आहे. तोवर ते लाकूड कमीत कमी धुरात, उघड्यावर किंवा धुराडं असलेल्या चुलीत जळावं, हे पाहणं आपल्या हातात आहे. बारीक फोडलेलं आणि पुरतं वाळलेलं लाकूड हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय. धुराविरुद्धचा आक्षेप खरं तर लाकूड नीट फोडण्याच्या बाजूनंच साक्ष देतो.

म्हणून घरच्या सरपणासाठी बाजारात जाणाऱ्यानं यंत्राच्या दुकानाआधी लोहाराकडे जावं. एक करवत, ३ किलोंचा घण, मऊ माथ्याच्या दोन पाचरी, जाड पाठीची एक कुऱ्हाड आणि कोयत्याला जोडीची मोगरी, एवढ्यावर घराची गरज भागते. ज्यांना घण उचलवत नाही, त्यांनी एकट्यानं यंत्र घेण्याऐवजी ग्रामसभेत किंवा गटाच्या बैठकीत सामाईक यंत्राचा विषय काढावा. आणि अवजार कोणतंही असो, ओंडके होळीच्या आत फोडून, साल वर करून, वारा खेळेल असे रचावेत. पुढचं काम वैशाखाचं ऊन करतं, आणि त्याला ना डिझेल लागतं ना वीज.